दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर: नव्यानं सुपरविजन करणाऱ्यांसाठी

बढतीची ऑर्डर मिळते, पेढे वाटून होतात, आणि थोड्याच दिवसांत वरून फोन येतो की तुमच्या हाताखालच्या टीचर्सची ऑब्झर्वेशन्स सुरू करा, फॉर्म पाठवलाय. फॉर्म उघडून बघावा तर ‘विषयज्ञान’, ‘फलकलेखन’, ‘वर्गनियंत्रण’ अशा चौकटी, समोर उत्तम-चांगले-साधारण, आणि खाली शेऱ्याला दोन ओळी. बसायचं कुठे, बघायचं काय, नंतर त्या बाईंशी बोलायचं काय, ह्याबद्दल एक अक्षर नाही. जुन्या माणसांना विचारायला जावं तर ‘बस की मागे अर्धा तास आणि मार टिका, त्यात काय एवढं’ असं उत्तर मिळतं.

तर हे लिहिलंय ते आपल्या गोव्यातल्या अशा माणसांसाठी. नवे हेडमास्तर, हेडबाई, नव्यानं सीआरपी-बीआरपी (शाळांच्या गटाला किंवा तालुक्याला मदत करणारे रिसोर्स पर्सन) झालेले, आंगणवाडीच्या मुख्यसेविका, शाळांमधल्या कौन्सेलर मुलींची सिनियर म्हणून नेमणूक झालेली ताई, एखाद्या संस्थेत फिल्डवर्करांची टीम सांभाळणारा कोणी. कामं वेगवेगळी आहेत पण गाठ एकच: माणसांबरोबर काम करणाऱ्या माणसाचं काम बघायचं आणि त्याला ते अजून बरं करता येईल असं काहीतरी हातात द्यायचं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जे घडलं ते लिहा, तुम्हाला जे वाटलं ते लिहू नका, आणि लिहिलेला कागद आधी त्याच माणसाच्या हातात द्या. बाकीच्या पद्धती, मॉडेलं, नावं, सगळी ह्या एका गोष्टीला टेकू द्यायला आहेत.

पहिलं काम: तुम्ही कशासाठी आलाय ते सांगा

आपल्याकडे वर्गात कोणी मोठं माणूस येऊन बसलं की तपासणीच. एडीईआय, म्हणजे शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की आदल्या दिवशी तक्ते भिंतीवर चढतात, हुशार पोरं पुढच्या बाकावर येतात, आणि जो धडा गेल्या आठवड्यात झालाय तोच परत शिकवला जातो, कारण पोरांना उत्तरं येत असतात. ह्यात टीचरची काही चूक नाही, इतकी वर्षं पाहुणा आला म्हणजे शेरा आला हेच समीकरण आहे, त्यामुळे तुम्ही कितीही गोड हसलात तरी तुमच्या हातातली वही बघून समोरच्याच्या पोटात गोळा येणारच.

आल्फ्रेड कडूशिन नावाच्या अमेरिकन माणसानं १९७६ साली समाजकार्यातल्या सुपरविजनची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं. ब्रिजिड प्रॉक्टर ह्या ब्रिटिश बाईंनी १९८६ मध्ये कौन्सेलरांसाठी जवळपास तेच वेगळ्या शब्दांत मांडलं. वाचायला तिन्ही छान वाटतात, पण तिन्ही एकाच माणसानं करायची म्हटलं की पंचाईत, कारण ज्या हातानं सीआर (गोपनीय अहवाल) लिहायचा त्याच हातानं पाठीवर थाप मारायची. परदेशातही हा तिढा सुटलेला नाही, आपल्याकडे तर वेगळं माणूस ठेवण्याइतका स्टाफच नसतो. त्यामुळे व्यवहारी मार्ग एवढाच की तपासणीची आणि मदतीची अशा दोन्ही भेटी वेगळ्या ठेवायच्या. वेगळी वही, वेगळा दिवस, आणि आधीच स्पष्ट सांगायचं की ‘बाई, सोमवारी मी येतोय ते सीआरसाठी नव्हे, ह्यातलं काही फाइलला जाणार नाही’. आणि मग खरंच जाऊ द्यायचं नाही. एकदा जरी त्या वहीतलं वाक्य मेमोत उतरलं तर त्या शाळेत तुम्हाला परत कधी खरा वर्ग बघायला मिळणार नाही, हे लिहून ठेवा.

दुसरं: वर्गात जाण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं

क्लिनिकल सुपरविजन नावाची पद्धत हार्वर्डमध्ये शिक्षक तयार करताना मॉरिस कोगन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी १९५० च्या दशकात घडवायला घेतली. रॉबर्ट गोल्डहॅमरनं १९६९ मध्ये तिचे पाच टप्पे मांडले: आधीची बैठक, निरीक्षण, नोंदींचं विश्लेषण, नंतरची बैठक, आणि सगळ्यात शेवटी सुपरवायझरनं स्वतःच्याच वागण्याची केलेली चिरफाड. कोगननं स्वतः १९७३ मध्ये आठ टप्पे सांगितले, पण नव्या माणसाला पाच पुरे आणि त्यातला पहिला टाळू नका, कारण बहुतेक जण नेमका तोच टाळतात.

आधीच्या बैठकीत दोनच प्रश्न. उद्या काय घेणार आहात, आणि मी काय बघू? दुसऱ्या प्रश्नावर सुरुवातीला ‘तुम्हाला काय पायजे ते बघा सर’ असंच उत्तर येणार. सोडू नका. ‘वर्गात तुम्हाला त्रास कुठे होतो?’ असं विचारलं की गाडी रुळावर येते. कोणी म्हणतं मागची पोरं लक्ष देत नाहीत, कोणी म्हणतं वेळ पुरत नाही, एखादी धीट असेल तर म्हणते की गणित मला स्वतःलाच नीट सांगता येत नाही. जे निघेल तेच उद्याचं काम. बाकी फळ्यावरचं अक्षर, साडीची पिन, हजेरीपटातली खाडाखोड दिसली तरी दिसली नाही असं समजायचं. एका भेटीत एकच गोष्ट, आणि ती त्यांनी निवडलेली.

तिसरं: वर्गात बसून नेमकं लिहायचं काय

बसायची जागा आधी. टीचरच्या टेबलाजवळची खुर्ची पुसून तुमच्यासाठी ठेवलेली असते, तिथे बसू नका, तिथून पोरं तुमच्याकडेच बघत बसतात. मागच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला, शक्य असेल तर पोरांच्याच बाकावर. मोबाइल सायलेंट. चहा आला तर सुट्टीत. पिरियड सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा आणि संपेपर्यंत उठू नका, मधेच उठून गेलात तर त्या माणसाला दिवसभर वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलं.

आता लिहिणं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे वेळ आणि घडलेलं, उजवी बाजू रिकामी. उजवी बाजू टीचरची आहे, तुमची नव्हे. डावीकडे लिहिताना ‘छान’, ‘गोंधळ’, ‘उत्साही’, ‘कंटाळवाणं’ असले शब्द आले की खोडा. ‘वर्ग गोंधळलेला होता’ हे तुमचं मत झालं. ‘दहा मिनिटांत चौघं पाणी प्यायला उठले’ ही नोंद झाली. मतावर भांडता येतं, नोंदीवर विचार करावा लागतो.

नमुना म्हणून तिसरीच्या वर्गातली ही एक नोंद बघा, सत्तरी तालुक्याच्या बाजूची शाळा आहे असं समजा, विषय वजाबाकी, आणि बाईंनी सांगितलेला त्रास हा की ‘समोरची चार पोरं सोडली तर कोण बोलतच नाही’:

१०.१२ बाई: बावन्नातून सतरा गेले, किती उरले? (हात वर: तीन, सगळे पहिल्या बाकावरचे.) एक मुलगा: पस्तीस. बाई: शाब्बास.

१०.१३ बाई: कसं काढलं? (लगेच) दोनातून सात जात नाहीत, मग आपण शेजारचा दशक घेतला, हो ना? सगळी मुलं: होऽऽ.

१०.१४ बाई फळ्याकडे वळून दुसरं उदाहरण लिहितात. मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला: म्हाका समजूंक ना गो. शेजारीण: म्हाकाय ना.

बस्स, एवढंच. ह्यात शेरा कुठेही नाही, पण हा कागद त्या बाईंनी वाचला की तुम्हाला काही बोलायची गरज फारशी उरत नाही. ‘कसं काढलं’ हा प्रश्न उत्तम होता, पण उत्तर त्यांनीच दिलं, आणि ‘होऽऽ’ म्हणजे समजलं असं धरून पुढे गेल्या. मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात, जास्त पोरं आपणहून बोलतात, गप्प बसणं कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, एकदा वर्गासमोर उभं राहून थांबून बघा, युगासारखे वाटतात.

भाषेचंही बघा. आपल्याकडे मराठी माध्यमाच्या वर्गात पोरं प्रश्नाचं उत्तर मराठीत देतात, आपसात मात्र कोकणीतच बोलतात. वास्को, झुआरीनगरसारख्या भागात तर कन्नड, हिंदी, अजून काय काय. जे ऐकलं ते त्याच भाषेत लिहा, शुद्ध मराठी करून लिहू नका. ‘मुलीला संबोध स्पष्ट झाला नाही’ असं लिहिलंत तर त्या ‘म्हाका समजूंक ना गो’ मधला जीवच गेला, आणि बाईंना ती मुलगी कोण तेही ओळखता येणार नाही.

शब्द न् शब्द लिहिणं ही एकच तऱ्हा नाही. त्रास कशाचा आहे त्यावर हत्यार निवडा. मागचे लक्ष देत नाहीत अशी तक्रार असेल तर वर्गाचा बाकांसकट नकाशा काढा आणि टीचरनं कुणाला प्रश्न विचारला त्या बाकावर प्रत्येक वेळी एक रेघ मारत जा. पिरियड संपल्यावर रेघांचा गठ्ठा कुठे साचलाय ते शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, बऱ्याचदा फळ्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या एकाच हाताला साचलेला असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. पोरं कामात आहेत की नाहीत हे बघायचं असेल तर दर पाच मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि प्रत्येक पोर त्या क्षणी काय करतंय, लिहितंय, ऐकतंय, शेजाऱ्याला डिवचतंय, बाहेर बघतंय, त्याचं एक अक्षर लिहायचं. पहिली ते चौथी एकाच खोलीत असलेली शाळा असेल तर हेच हत्यार सर्वात उपयोगी, कारण टीचर एका इयत्तेकडे असताना बाकीच्या तीन काय करतायत हाच तिथला खरा प्रश्न असतो.

आणखी एक आहे, नेड फ्लँडर्स ह्यांची दहा रकान्यांची पद्धत. सात रकाने शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी एक आकडा टाकायचा, म्हणजे मिनिटाला वीस. बीएडला सगळ्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं आणि नंतर कुणी हात लावलेला नसतो. पूर्ण पद्धत शिकायला सराव लागतो आणि खरं सांगायचं तर आपल्या रोजच्या कामाला ती जडच जाते, पण तिचं गरिबांचं रूप चालतं: टीचर, मूल, कोणीच नाही, असे तीनच रकाने करून दहा मिनिटं टिक करा. फ्लँडर्सना अमेरिकेतल्या वर्गांत सापडलं होतं की दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्या बोलण्यातलं दोन तृतीयांश शिक्षकाचं असतं. आपल्याकडे काय निघतं ते तुम्हीच बघा.

एका ठिकाणी मात्र नोंदवही बाजूला ठेवायची. टीचरनं पोराला मारलं, कान पिळला, सगळ्यांसमोर अपमान केला, तर तिथे तुम्ही तटस्थ निरीक्षक वगैरे काही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. त्या वेळी शांतपणे उठून वर्गात हस्तक्षेप करायचा, आणि नंतरची कारवाई ही सुपरविजनची भेट नाही, ती वेगळी गोष्ट, तिथे फाइलच लागते.

चौथं: नंतरची बैठक, जिथे सगळं जमतं किंवा फिसकटतं

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवड्यानं बोललात तर कुणालाच काही आठवत नाही. स्टाफरूममध्ये इतरांसमोर नको, ऑफिसात तुमच्या टेबलापलीकडे त्यांना बसवूनही नको, रिकाम्या वर्गात शेजारी शेजारी बसा आणि कागद मधे ठेवा.

पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. कागद द्यायचा, ‘वाचा आणि उजव्या बाजूला तुम्हाला काय वाटतं ते लिहा’ म्हणायचं आणि गप्प. हे नव्या माणसाला सर्वात अवघड जातं, कारण आपल्याला बढती मिळालेली असते ती बोलता येतं म्हणून. समोरची बाई वाचताना अस्वस्थ होते, तुम्हाला वाटतं धीर द्यावा, ‘बाकी छान होता हां वर्ग’ असं तोंडातून निसटतं, आणि झालं, आता ती कागद सोडून तुमचं तोंड वाचायला लागते.

त्यानंतर ‘तुम्हाला काय दिसलं?’ एवढंच विचारा. वर दिलेल्या नोंदीवर त्या बाई कदाचित म्हणतील की पोरांना पाढेच येत नाहीत त्याला मी काय करू. वाद घालू नका. १०.१३ च्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, इथे थांबलो असतो तर कोण बोललं असतं? बऱ्याचदा इथून गप्पा सुरू होतात. शेवटी पुढच्या वेळेसाठी एकच छोटा बदल ठरवायचा, तोही त्यांच्या तोंडून आलेला, आणि इतका छोटा की उद्याच करता येईल. ‘प्रश्न विचारल्यावर मनात एक-दोन-तीन म्हणेन’ हा बदल झाला. ‘अध्ययन अधिक विद्यार्थीकेंद्री करेन’ ही बोलाचीच कढी.

सगळ्यांशी असंच बोलायचं का? नाही. कार्ल ग्लिकमन ह्या अमेरिकन अभ्यासकानं सुपरवायझरच्या बोलण्याच्या चार तऱ्हा सांगितल्यात, फक्त ऐकणारी, मिळून ठरवणारी, पर्याय देणारी आणि सरळ आदेश देणारी, आणि माणूस बघून तऱ्हा निवडा असं त्यांचं सांगणं. वीस वर्षं चौथी शिकवलेल्या बाईंसमोर तुम्ही पर्याय मांडायला लागलात तर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं, तिथे ऐका. पण गेल्या महिन्यात रुजू झालेला पोरगा ‘सर काय करू?’ म्हणून रडकुंडीला आलाय आणि तुम्ही त्याला ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसलात तर तो मनात तुम्हाला शिव्या देतो, आणि ते बरोबरच आहे. त्याला दोन-तीन ठोस पर्याय द्या, तुमच्या समोर करून बघू दे, मग हळूहळू हात काढून घ्या. ही निवड चुकली की चांगल्या नोंदीही वाया जातात, मला तरी सगळ्या प्रकारात हाच भाग सर्वात जास्त कसबाचा वाटतो.

कौन्सेलर, फिल्डवर्कर आणि आंगणवाडी

इथे अडचण वेगळी. शाळेतली कौन्सेलर मुलाशी दार लोटून बोलते, तिथे तुम्ही मागच्या बाकावर बसू शकत नाही. मग ती येऊन जे सांगते तेवढंच तुम्हाला कळतं, आणि माणूस सांगताना आपसूक बरं-बरं सांगतो. त्यावर उपाय म्हणजे रेकॉर्डिंग, अर्थातच मूल आणि पालक दोघांची परवानगी घेऊन, आणि ऐकून झालं की पुसून. नॉर्मन केगन ह्यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात ह्यातून एक सुंदर पद्धत काढली: टेप लावायची पण थांबवायचं बटण सुपरवायझरच्या हातात नाही, कौन्सेलरच्या हातात. ती जिथे थांबवेल तिथेच बोलायचं, आणि विचारायचं की ह्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं, काय बोलावंसं वाटत होतं आणि बोलली नाहीस. चूक शोधायची नाही. हीच पद्धत एकशिक्षकी शाळेतल्या शिक्षकालाही लागू पडते, जिथे तुम्ही महिनोन्महिने पोचू शकत नाही: मोबाइल खिडकीत ठेवून वर्ग रेकॉर्ड करू दे, आधी एकट्याला बघू दे, आणि त्यानंच निवडलेली पाच मिनिटं तुम्ही दोघं मिळून बघा.

ग्रुपनं करायचं असेल तर लांब जायला नको, आपल्या गोव्यातलंच उदाहरण आहे. पर्वरीच्या संगाथ संस्थेच्या कामात साध्या, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या लोकांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य आणि दारूच्या त्रासासाठी कौन्सेलिंग करायला लावलं, त्याचे निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात सुपरविजन कसं चालायचं ते आपल्या कामाचं. कौन्सेलर गटानं बसायचे, एकाच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकायचे, ठरलेल्या मोजपट्टीवर मार्क द्यायचे आणि मग चर्चा. २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं की ह्या लोकांनी एकमेकांना दिलेले मार्क तज्ज्ञांच्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळतायत. म्हणजे प्रत्येक वेळी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून मोठा डॉक्टर यायला हवा असं नाही. पण एक पथ्य: मार्क आधी प्रत्येकानं गुपचूप कागदावर लिहायचे, मगच बोलायचं, नाहीतर जी सर्वात सिनियर ती जे म्हणेल तेच सगळ्यांचं मत होतं.

कौन्सेलरांच्या सुपरविजनमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडते, ती माहीत असलेली बरी. कौन्सेलर एका मुलाबद्दल सांगत असते, आठवीतला, वडील बोटीवर, आई कंटाळलेली, तो प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवतो आणि ‘कांयच ना’ म्हणतो. तुम्ही तिला विचारता की मग तू काय केलंस, ती खांदे उडवते, ‘काही नाही, ठीक आहे सगळं’. तुम्ही अजून विचारता, ती अजून मिटते, आणि तुम्हाला तिचा राग यायला लागतो. तो राग पकडा. बहुतेक त्या खोलीत तिला त्या मुलाचा हाच राग आला असणार, आणि ती तुमच्यासमोर नकळत त्या मुलासारखी बसलीय. ह्या प्रकारावर १९५० च्या दशकापासून लिहिलं गेलंय. तिथे ‘तू नीट तयारी करून येत जा’ म्हणण्यापेक्षा ‘आत्ता आपल्या दोघींत जे चाललंय तसंच तिथेही होतं का गं?’ असं हलकेच विचारून बघा. मात्र ह्याच्या पलीकडे तिच्या घरच्या, लग्नाच्या, लहानपणीच्या गोष्टींत शिरायचं नाही, ती तुमची पेशंट नाही. तिला स्वतःलाच आधाराची गरज दिसली तर बाहेरचा माणूस सुचवा, टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी सगळ्यांकडे असावाच.

गोपनीयतेचा नियम पहिल्याच बैठकीत सांगा, आणि त्याची हद्दही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कौन्सेलरला कळलं तर पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘मुलानं गुपित सांगितलंय’ हे कारण चालत नाही, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर त्यालाही शिक्षा आहे. अशी केस आली की त्या दिवशी सुपरविजन म्हणजे शेजारी बसून तिला कळवायला मदत करणं. तिला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवून देणारे सिनियर असतात, तसले तुम्ही होऊ नका. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ फळ्यावर कायम लिहिलेला ठेवा.

आंगणवाडीबद्दल थोडक्यात. मुख्यसेविकेची भेट रजिस्टरं आणि ॲपच्या एंट्री तपासण्यातच संपते, ते काम करावंच लागतं, पण ते शेवटी करा. पोचल्या पोचल्या पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त पोरं आणि सेविका ह्यांच्यात काय बोलणं होतंय ते लिहा, कारण एकदा रजिस्टर उघडलं की पोरं मदतनिसाच्या ताब्यात जातात आणि बघण्यासारखं काही उरत नाही.

किती वेळा, आणि तुमचं कोण बघणार

नव्या शिक्षकाकडे महिन्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ झालं, जुन्यांकडे एका सत्रात दोनदा. वर्षातून एकदा सगळ्यांना गाठायचं आणि फॉर्म भरून पाठवायचे ह्यानं कुणाचं काहीच होत नाही, त्यापेक्षा तिघांनाच धरा पण परत परत जा. वेळापत्रक करताना गणेश चवथीच्या आधीचे आणि परीक्षेच्या तोंडावरचे आठवडे सोडा. पावसात कौलांवरच्या आवाजानं काही ऐकू येत नाही अशा खोल्या असतात, तिथे जुलैमध्ये शब्द लिहायला जाऊ नका, बाकांचा नकाशा घेऊन जा. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितलेत. ते तास हॉलमध्ये बसून पीपीटी बघण्यातच जातात, पण अशा भेटी आणि बैठका त्यात धरता येतील का हे वर विचारून घ्यायला हरकत नाही, मिळाले तर टीचरलाही ह्यात काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

गोल्डहॅमरचा पाचवा टप्पा राहिला, तो तुमचा स्वतःचा. एखाद्या बैठकीचं, समोरच्याला विचारून, मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि घरी जाऊन तेच तीन रकाने लावा: मी, ते, कोणीच नाही. तुमच्या रकान्यात निम्म्याहून जास्त टिका पडल्या असतील तर पुढच्या भेटीसाठी तुमचा छोटा बदल कुठला ते ठरलंच. आणि शक्य असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या नव्या हेडबाईंशी जोडी जमवा, त्यांनी तुमचं ऐकायचं, तुम्ही त्यांचं, दोन महिन्यांतून एकदा फोनवर झालं तरी चालेल.